उंची निरंक

कुंडलिक सणसांच्या ओट्यापासून हनीफ पेंटरांच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर बावीस फूट आहे. हे अंतर सणसांनी स्वतः टेप लावून मोजलं आहे, आणि ज्या माणसानं एकतीस वर्षं भाटघर धरणाच्या पाण्याची पातळी सकाळ-संध्याकाळ वहीत उतरवली, त्याच्या मोजमापावर शंका घ्यायची भोरात पद्धत नाही. लिपिक म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गाव त्यांना अजून 'भाऊसाहेब'च म्हणतं. तर बावीस फूट. धडधाकट माणसाची नऊ पावलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर चौदा. आणि तरीही गेले पाच महिने रत्नाताई सणस या घरातून त्या घरात पोचल्या नव्हत्या, कारण मध्ये रस्ता होता.

रस्ता तसा पूर्वीही होता. पण तेव्हा त्याला खड्डे होते, आणि त्या खड्ड्यांतून गाड्या अशा जायच्या, जशी पूर्वीची सून सासऱ्यासमोरून जायची. सावकाश, मान खाली घालून. माणसं मध्येच उभी राहून तंबाखू मळत, एकमेकांच्या मुलींची लग्नं जमवत, आणि मागून हॉर्न वाजलाच तर "अरे हो की, जातोय" म्हणून त्यालाच दटावत. मग कुणीतरी मनावर घेतलं आणि रस्ता काँक्रीटचा झाला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, भाऊसाहेबांनीही एक खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून रस्ता ओलांडणं बंद झालं.

भाऊसाहेब ओट्यावर उभे राहून ती वाहतूक बघत, आणि धरणाचे दरवाजे उघडल्यावर जे वाटायचं तेच त्यांना वाटे. खडीचे डंपर, उसाचे ट्रॅक्टर, पुण्याहून शनिवारी येणाऱ्या आणि डोंगर बघायला निघालेल्या, पण डोंगर पळून जाईल अशा घाईत असलेल्या मोटारी. राग येण्याच्या पलीकडचं ते दृश्य होतं. पुरावर कुणी रागावतं का? पुराला माणूस हात जोडतो.

रत्नाताई आणि समोरच्या, हनीफ पेंटरांच्या अन्वरीभाभी यांचा चार वाजताचा चहा तीस वर्षांचा. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. त्यात दोन पोरींची बाळंतपणं, एक फसलेली भिशी आणि असंख्य भाज्या निवडून झाल्या. पण इकडे रत्नाताईंचा गुडघा गेला आणि तिकडे अन्वरीभाभींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. एकीला पाऊल उचलवेना, दुसरीला उजवीकडून येणारी गाडी दिसेना. दोघी मिळून रस्ता सहज ओलांडू शकल्या असत्या, पण त्यासाठी आधी दोघींना एका बाजूला यायला हवं होतं.

मग चार वाजता दोघी आपापल्या दारात खुर्ची टाकत, एकमेकींकडे बघत आणि मोबाईलवर बोलत.

"चहा पिलीस का गं?"

"पितीय की. दिसंना व्हय तुला?"

"तुझा कप दिसतोय. त्यात काय हाय ते कसं दिसंल?"

मध्येच डंपर जाई. दोघी गप्प होत, तो जाईपर्यंत कप धरून थांबत, आणि मग बोलणं जिथे तुटलं तिथून पुढे चालू होई. बावीस फुटांवरच्या मैत्रिणीशी बोलायला आपला आवाज आधी आकाशातल्या कुठल्यातरी उपग्रहापर्यंत जातो आणि तिथून खाली समोरच्या दारात उतरतो, असं भाऊसाहेबांना वाटे, आणि त्या कल्पनेनं ते काही वेळ स्तिमित होऊन बसत.

नुसतं स्तिमित होऊन भागलं असतं. पण आषाढातल्या एका मंगळवारी एक गोष्ट घडली होती, आणि ती बाजाराच्या दिवशी, म्हणजे गावाच्या साक्षीनं घडली होती.

भाऊसाहेब म्हणाले होते, "चल, मी नेतो. त्यात काय एवढं!" रत्नाताईंचा हात त्यांनी धरला. दोघं निघाले. सातव्या पावलाला स्टँडच्या वळणावरून डंपर आला. पुढच्या दोन सेकंदांत भाऊसाहेबांनी काय विचार केला हे त्यांना आजही आठवत नाही, आणि तेच फार टोचतं, कारण विचार नसताना माणूस जे करतो तेच त्याचं खरं असतं म्हणतात. शुद्धीवर आले तेव्हा ते गेनबाच्या चहाच्या टपरीला पाठ लावून उभे होते, पायात एकच चप्पल होती, आणि हात रिकामा होता. रत्नाताई रस्त्याच्या मधोमध, काठीवर दोन्ही हात ठेवून, जागच्या हलल्या नव्हत्या. डंपर त्यांच्या पदराला वारा घालून गेला.

टपरीशेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या अंबूबाईंनी जाऊन त्यांना परत आणलं. गर्दीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

रत्नाताई घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "मी घरीच बरी." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ज्या बाईनं लग्नाआधी गुंजवण्याच्या फाट्यावर उभं राहून, नुसता तळवा दाखवून भरलेली एस. टी. रोज थांबवली आणि नववीपर्यंतचं शिक्षण त्या तळव्यावर पूर्ण केलं, ती बाई आता दारातल्या खुर्चीत बसत होती. आणि भाऊसाहेबांचा उजवा हात, तो सोडलेला हात, जेवताना, सही करताना, पंचांगाचं पान उलटताना सारखा त्यांच्यासमोर येत होता. उजवा हात समोर येऊ न देण्याची काही सोय माणसाच्या शरीरात नाही.

म्हणून झेब्रा पट्टे.

ही कल्पना गेनबाच्या टपरीवर जाहीर झाली, तेव्हा सल्ल्यांचा तुटवडा पडला नाही.

"पट्ट्याबिट्ट्यानं काय हुनार न्हाई भाऊसाहेब," गेनबा गाळणं आपटत म्हणाला. "हातात दुधाची किटली घ्या. दूध सांडंल म्हनून डायवर थांबतोय. माणूस सांडला तर एवढं न्हाई वाटत कुनाला."

"उगं कायबी शिकवू नगंस," अंबूबाई म्हणाल्या. "डायवरच्या डोळ्यात बगायचं आन् चालाय लागायचं. नजर काढली की मेलं मानूस."

"काळ्या काचा असल्या तर?"

"मग आपल्या नशिबात बगायचं."

भाऊसाहेबांनी या सूचना नम्रपणे ऐकल्या आणि अर्ज लिहिला. अर्ज हा त्यांचा प्रांत होता. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथपासून सुरू झालेलं वाक्य पादचाऱ्याचा प्रथम हक्क, ज्येष्ठ नागरिक, शाळकरी मुलं आणि सौ. सणस यांचा डावा गुडघा यांना सोबत घेऊन अठराव्या ओळीत सुखरूप उतरलं. रस्ता नेमका कुणाच्या ताब्यात आहे यावर तीन कार्यालयांचं एकमत होतं की तो आपल्या ताब्यात नाही. चौथ्या कार्यालयात खिडकीवरचा लिपिक जेवायला गेला होता, म्हणून अर्ज घेतला गेला.

महिन्यानं बोलावणं आलं. "ओलांडणारे किती?" लिपिकानं विचारलं. "संख्या हवी. तीन दिवसांची."

संख्या! भाऊसाहेबांच्या अंगात जुना दिवस संचारला. तीन दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सहा, ते ओट्यावर वही घेऊन बसले. रकाने पाडले. ओलांडून गेले : एकेचाळीस. अर्ध्यातून परतले : सदुसष्ट. कडेला उभं राहून, विचार करून घरी गेले : एकशे बारा. खाली सही, तारीख, हवामान स्वच्छ.

लिपिकानं पहिला रकाना वाचला आणि वही मिटली. "तीन दिवसांत एकेचाळीस? ओलांडणारेच नाहीत हो इथं. मग पट्टे कुणासाठी?"

"पट्टे नाहीत म्हणून ओलांडत नाहीत."

"ते यात कुठं आलंय?"

"तिसरा रकाना बघा की. एकशे बारा."

"ते घरी गेले ना? घरी गेलेल्यांसाठी रस्त्यावर पट्टे कसे मारणार?"

भाऊसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांना अपमान वाटायला हवा होता. पण एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एक प्रकारचा आदरच वाटला. असा अडसर त्यांनाही हयातीत कधी सुचला नव्हता.

यावर गेनबानं तोड काढली. "किती पायजेत? दोनशे? मंगळवारी देतो." आणि मंगळवारी त्यानं पाटी लावली : 'चहा फुकट'. फुकट चहा टपरीवर मिळत होता, आणि त्यासोबतचं बिस्कीट रस्त्यापलीकडे हनीफभाईंच्या उंबऱ्यावर ठेवलं होतं. भोर तालुका त्या दिवशी बिस्किटासाठी जीव मुठीत घेऊन पळाला. अंबूबाईंचा दीर बंडू एकट्यानं एकतीस वेळा गेला आणि एकतीस वेळा आला. दोनशे चौदा आकडा झाला. भाऊसाहेबांना रात्री थोडी टोचणी लागली, पण पाय सगळे खरे होते. पाय कशासाठी निघाले आहेत असा रकाना सरकारनंच ठेवला नव्हता.

पत्र आलं : 'लोकसहभागातून, आपल्या स्तरावर, सोबत जोडलेल्या विहित नमुन्यात पट्टे मारण्यास या कार्यालयाची हरकत नसावी.'

भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. 'हरकत नाही' असं नव्हे. 'नसावी'. उद्या कुणी विचारलं, तर कार्यालयालाही आपली हरकत होती की नव्हती याचं कुतूहलच असेल. असं वाक्य जमायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

पत्र घेऊन ते हनीफभाईंकडे गेले. म्हणजे ओट्यावरून फोन केला.

हनीफ पेंटर हे एके काळी तालुक्याचा डोळा होते. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरमागची गुलाबाची फुलं, निवडणुकीतली चिन्हं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी किराणा दुकानावर काढलेल्या नारळाला लोक हात लावून बघत. मग फ्लेक्स आले. गेली अकरा वर्षं हनीफभाई पाण्याच्या टाक्यांवर नंबर टाकत होते.

"नमुना कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"सोबत जोडलाय असं लिहिलंय."

"जोडलाय का?"

भाऊसाहेबांनी पत्र उलटं करून झटकलं. "नाही."

"मग नमुना माझा," हनीफभाई म्हणाले.

रविवारी पहाटे काम सुरू झालं. गेनबाची बाकडी दोन्हीकडे आडवी लावली होती. भाऊसाहेबांना स्टँडच्या वळणावर, लाल टॉवेल घेऊन उभं केलं होतं. तिथून ते येणाऱ्या गाड्यांना गल्लीकडे वळवत होते आणि प्रत्येक ड्रायव्हरकडून आपल्या घराण्याबद्दल नवीन माहिती मिळवत होते. साडेआठला हनीफभाईंनी लांबून हात केला. भाऊसाहेब टॉवेल खांद्यावर टाकून परत निघाले, आणि पन्नास पावलांवर त्यांचे पाय थांबले.

रस्त्यावर पट्टे नव्हते. रस्त्यावर पांढऱ्या दगडाच्या सात तुळया ठेवल्या होत्या. चांगल्या गुडघाभर उंच. सकाळच्या उन्हात त्यांच्या कडा झळकत होत्या, आणि प्रत्येकीच्या बाजूला गार, निळसर सावली पडली होती. काल रात्रीपर्यंत ज्या रस्त्यावर काही नव्हतं, तिथं रायगडावरून आणल्यासारखा दगड! भाऊसाहेबांना पहिला विचार आला तो असा, की हे क्रेनशिवाय कसं आणलं? दुसरा विचार आला तो असा, की आपण फक्त पट्टे मागितले होते. जवळ जाऊन त्यांनी पहिल्या तुळईवर चढायला पाय उचलला. पाय चढला, आणि मग उंचीच सापडेना म्हणून धप्पकन खाली आला. जिन्याची पायरी संपल्यावर अंधारात माणूस आणखी एक पायरी चढतो, तसं झालं. टाळूपर्यंत झिणझिण्या आल्या.

"सपाट आहे!" ते म्हणाले.

"सपाटच असतोय रंग," हनीफभाई ब्रश पुसत म्हणाले. "पण शेड दिल्याबिगर मला काम जमत न्हाई भाऊसाहेब. शेड न्हाई तर अक्षर उभं राहत न्हाई. चाळीस वर्षांची सवय. नुसतं पांढरं ओढायचं तर भिताड रंगवणारा काय वाईट हाय?"

"आणि उलट्या बाजूनं आलं तर?"

"उलट्या बाजूनं खंदक दिसतोय," हनीफभाई संकोचून म्हणाले. "ते आपोआप झालं."

बाकडी काढली. पहिला आला तो वाळूचा ट्रक. शंभर पावलांवरूनच त्यानं ब्रेक दाबले, फुसफुस करत थांबला. ड्रायव्हर उतरला. चालत आला. वाकून तुळईला हात लावला, तर हात रस्त्याला टेकला. त्यानं हात कपाळाला लावला, वर एकदा आकाशाकडे बघितलं, परत जाऊन गाडीत बसला आणि पाच किलोमीटरच्या वेगानं, श्वास रोखून, त्यावरून ट्रक नेला. मागच्या गाडीनं तेच केलं. मागच्या एस. टी.तली पंचावन्न माणसं एका बाजूच्या खिडक्यांना आली. बैलगाडी आली, तर बैलांनीही मान खाली घालून वास घेतला.

दुपारपर्यंत भोर लोटलं. कुणी चपला काढून त्यावरून चाललं. शेरडांचा कळप तुळईवरून तुळईवर उड्या मारत गेला. माळकरी म्हातारे धोतर वर धरून गुडघा छातीपर्यंत आणत आणि सपाट रस्ता चढून जात. अंबूबाईंनी भाजी सोडून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हनीपभाई, मानसाच्या हातात एवडं असतंय व्हय?" हनीफभाईंनी मान फिरवली. त्यांच्या डोळ्यांत रंग गेला असावा.

गाड्या थांबत होत्या. माणसं ओलांडत होती. भाऊसाहेब अभिमानानं फुगून घरात गेले. "रत्ना, ऊठ. चार वाजले."

रत्नाताई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "डॉक्टर काय म्हनालेत? जिना चढायचा न्हाई. ह्ये तर सात जिने केलेत तुमी."

"अगं, सपाट आहे ते!"

"मला डोळं न्हाईत?"

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या दारातून अन्वरीभाभी. "रत्ना, येऊ नगं गं बाई. मला एकाच डोळ्यानं दिसतंय, पण लई उंच दिसतंय. ह्यांनी काय करून ठेवलंय देव जाणे."

सारा तालुका त्या दिवशी रस्ता ओलांडून गेला. ज्या दोघींसाठी तो रंगवला, त्या दोघी सोडून.

बुधवारपर्यंत फोटो मोबाईलवरून वेल्ह्यापलीकडे पोचला. वरवे बुद्रुकहून एक नवरा-नवरी लग्नाच्या कपड्यांत येऊन तुळईवर बसल्यासारखी बसली. त्यांच्यामागं फोटोग्राफर, त्यामागं वऱ्हाड, त्यामागं नसरापूरपर्यंत गाड्या. आणि गुरुवारी भाऊसाहेबांच्या नावे नोटीस आली. 'सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना, अंदाजे दीड फूट उंचीचे सात पक्के उंचवटे बांधल्याचे छायाचित्रावरून निदर्शनास आले आहे. सदर बांधकाम पाडून उंची रस्त्याच्या पातळीस आणण्याची कार्यवाही शनिवारी करण्यात येईल.'

एकतीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर अनधिकृत बांधकाम! भाऊसाहेब दोन दिवस जेवले नाहीत. गेनबा धीर द्यायला आला आणि म्हणाला, "काळजी करू नका. पयल्या गुन्ह्याला सोडत्यात." त्यामुळे तिसऱ्या दिवशीही जेवले नसते, पण शनिवार उजाडला.

दगड फोडायचं यंत्र, चार मजूर, आणि शिवानी मॅडम नावाची तरुण अभियंता. बघ्यांत गावातले सगळे टेम्पोवाले, रिक्षावाले, डंपरवाले होते. गाड्या अडल्याच होत्या, त्यामुळे ते आरामात होते. मॅडमनी यंत्र उतरवायला सांगितलं, पुढे आल्या, पहिल्या तुळईशी सवयीनं पाय उंच उचलला, आणि धप्प. त्या खाली बसल्या. दोन्ही तळवे रस्त्यावर टेकले आणि कडेवरून हळूहळू फिरवले, जसं आपण झोपलेल्या मांजरावरून फिरवतो. बराच वेळ त्या उठल्याच नाहीत.

"हे कुणी केलं?"

हनीफभाई पुढे झाले. शिक्षा आपल्यालाच, या तयारीनं.

"कॉलेजात चार वर्षं आम्हाला ड्रॉइंग होतं," मॅडम म्हणाल्या. पण नोटीस निघाली होती, यंत्र आलं होतं, डिझेल भरलं होतं, आणि निघालेली नोटीस रिकाम्या हातानं परत जात नाही. पंचनामा करावा लागणार होता. पंच म्हणून गेनबाची सही झाली आणि अंबूबाईंचा अंगठा. टेप लावला. मॅडमनी लिहिलेलं जाहीरपणे वाचून दाखवलं :

"लांबी दहा फूट. रुंदी दीड फूट. उंची निरंक. पाहणीअंती सर्व उंचवटे रस्त्याच्या पातळीस असल्याचे आढळले. सबब, उंची पातळीस आणण्याची कार्यवाही पूर्ण."

भाऊसाहेबांचे हात आपोआप जुळले. जे नव्हतं ते पाडलं होतं, आणि जे होतं त्याला हातही लागला नव्हता. कागदावरून एवढं मोठं यंत्र परत वळवणारं वाक्य त्यांनी समक्ष ऐकलं होतं. त्यांना वाटलं, आपण निवृत्त झालो ते योग्यच झालं. आता नवीन पिढी आली आहे.

पण ते वाक्य फक्त भाऊसाहेबांनी ऐकलं नव्हतं.

"निरंक म्हंजी?" एका डंपरवाल्यानं गेनबाला विचारलं.

"म्हंजी कायबी न्हाई. नुसता रंग."

"बरं झालं सांगितलं."

रविवारी सकाळी पहिला डंपर त्या तुळयांवरून साठच्या वेगानं गेला. भाऊसाहेबांनी डोळे मिटले, कारण आता आदळणार असं डोळ्यांना अजूनही वाटत होतं. आदळला नाही. मागचा टेम्पो गेला, त्यामागची जीप गेली. आठवड्यात दगडावर टायरचे काळे पट्टे उमटले. हनीफभाई उंबऱ्यावर बसून बघत. "रंगाला काय नसतंय भाऊसाहेब," ते एकदा म्हणाले. "पण कुनीतरी जोरात सांगितलं की तो रंग हाय, की संपलं."

भाऊसाहेब घरी आले आणि पंचनाम्याची नक्कल टेबलावर ठेवून, उजवा हात मांडीखाली घालून बसले.

रत्नाताईंनी नक्कल उचलली. चष्मा लावला. नववीपर्यंतचं शिक्षण होतं, त्यांनी शब्द न् शब्द वाचला.

"ह्ये खरंय? उंची निरंक?"

"दोन पंचांसमक्ष."

"सरकारी शिक्का हाय?"

"गोल आणि चौकोनी, दोन्ही."

"मग सपाटच हाय म्हनायचं." त्यांनी कागद घडी घालून ठेवला आणि काठी घेतली. "किती वाजले?"

चारला पाच कमी होती.

दोघं ओट्यावरून उतरले. समोर अन्वरीभाभी खुर्चीतून उठल्या. गेनबानं गाळणं खाली ठेवलं. अंबूबाईंनी कोथिंबिरीवर पाणी मारायचं थांबवलं. गावानं आषाढातला मंगळवार बघितला होता, आणि गाव काही विसरत नाही.

पहिल्या तुळईच्या कडेला दोघं उभे राहिले. एक टेम्पो गेला. एक मोटार गेली. भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "पट्ट्यावर पादचाऱ्याचा पहिला हक्क असतो!" ते मोठ्यानं म्हणाले. दुसरी मोटार गेली. "कायदा आहे!" डंपर गेला. भाऊसाहेबांचे गुडघे, स्वतःचे, धड असलेले, मागे सरकायला लागले.

तेव्हा स्टँडच्या वळणावरून वेल्ह्याची एस. टी. आली. रत्नाताईंनी काठी डाव्या बगलेत धरली. उजवा तळवा वर केला. फार वर नाही, खांद्याएवढा, बोटं जुळवून. कुठलाही कायदा त्या तळव्यात नव्हता. गुंजवण्याच्या फाट्यावरची, पुस्तकांची पिशवी लावलेली एक मुलगी होती.

एस. टी. थांबली. ड्रायव्हरनं विचार केला असेल असं वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाचा तळवा दिसला की त्या गाडीच्या ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. एवढ्या रुंद रस्त्यात ती मधोमध, बाजूनं कुणाला निघता येणार नाही अशी थांबली, आणि तिच्यामागं आणि समोरूनही डंपर, टेम्पो, मोटारी, सगळा पूर भिंत लागल्यासारखा जागच्या जागी उभा राहिला. तसा आवाज भाऊसाहेबांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता. धरणाचे सगळे दरवाजे एकदम पडतात तेव्हाचा. म्हणजे आवाजच नसतो.

कंडक्टरनं दार उघडलं. "कुठं जायचं, मावशी?"

"समोर," रत्नाताई म्हणाल्या. "अन्वरीकडं. च्याला."

कंडक्टरनं समोर बघितलं. एका डोळ्यानं बघत, पदर सावरत, उंबऱ्यावर उभी असलेली बाई बघितली. मधल्या पांढऱ्या तुळया बघितल्या. हा रोज पंचवीस फाट्यांवर माणसं घेणारा माणूस होता, आणि त्याच्या वहीत असलं तिकीट नव्हतं. "किती जन?"

रत्नाताईंनी नवऱ्याकडे वळून बघितलं नाही. तळवा एस. टी.कडेच ठेवून, डाव्या हातानं त्यांनी चाचपडत भाऊसाहेबांचं उजवं मनगट शोधलं आणि गच्च धरलं.

"दोन," त्या म्हणाल्या.

चौदा पावलं. भाऊसाहेबांनी मोजली. प्रत्येक तुळईशी त्यांचा पाय आपोआप उंच उचलला जात होता आणि रत्नाताईंचा नव्हता. त्यांचा सरकारी कागदावर विश्वास बसला होता. पलीकडे पोचल्यावर मागून घंटी वाजली, दोनदा, आणि पूर पुन्हा सुटला.

अन्वरीभाभींनी आत जाऊन पातेलं चढवलं. हनीफभाईंनी खुर्च्या मांडल्या. पाच महिन्यांचं बोलायचं होतं, त्यामुळे दोघी एकदमच बोलायला लागल्या आणि कुणीच ऐकत नव्हतं.

कप आले. भाऊसाहेबांनी चहा डाव्या हातानं घेतला. उजवा अजून सुटला नव्हता.